भाजणीयंत्राला नवा सेन्सर बसवणाऱ्यांचे आभार

म्हापशातील आमच्या कॉफी भाजण्याच्या यंत्रातील थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा सेन्सर, निकामी झाल्यावर नवा बसवण्यासाठी ज्यांनी आपला वेळ दिला, त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. बिया पहिल्यांदा तडकतात त्या सुमारास, म्हणजे साधारण 196 अंश सेल्सिअसच्या आसपास, आकडा विश्वासाचा नसेल तर पुढची भाजणी अंदाजावरच सोडावी लागते.

वायरिंग करणाऱ्या ज्येष्ठ गृहस्थांचा मी विशेष ऋणी आहे. के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये अमेरिकी रंगपद्धतीनुसार तांबडी तार ऋण आणि पिवळी धन असते, जोडणी उलटी झाल्यास यंत्र तापत असताना आकडा खाली जातो, आणि तार वाढवायची असल्यास साधी तांब्याची न वापरता त्याच प्रकारची वापरावी लागते, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. अशी माणसे जवळपास असणे हे खरे भाग्य! ज्या लेथवाल्यांनी यंत्रातले सेन्सरचे जुने भोक नव्या सेन्सरच्या दांड्याच्या मापाचे करून दिले, त्यांचे काम तर अत्यंत सुबक झाले आहे. सेन्सर उकळत्या पाण्यात धरून, समुद्रसपाटीजवळ अपेक्षित असलेला 100 अंशांचा आकडा तपासून पाहण्याची सूचना करणाऱ्या विद्यार्थिनीचेही आभार. यांपैकी कोणीही मोबदला घेतला नाही.