मोईला पालवी आली

पुणे, २२ जून

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तीच ती टेकडी रोज काय बघतेस?" तेवढ्यात दारात दूधवाला आला आणि उत्तर राहून गेलं. ते मनात घोळत होतं, म्हणून लिहायला बसले.

वेताळ टेकडीवर खाणीकडे जाणाऱ्या वाटेवरची आपली मोई आठवते? तू पाचवीत होतीस. मार्चात तिच्यावर एक पान नव्हतं. ती मेली असंच तू धरून बसलीस आणि रोज तुझी पाण्याची बाटली तिच्या बुंध्याशी रिकामी करायचीस. जूनमध्ये फांद्यांच्या टोकांना पालवी दिसली, तेव्हा बाबांना हाताला धरून ओढत नेलं होतंस. मोई दर उन्हाळ्यात पानं टाकते आणि पाणी राखते, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं! घरी येऊन तू कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने 'मोई' लिहिलंस. तू पुढे विसरलीस. मी लिहीत राहिले. आता सगळी कालनिर्णयं कपाटावर एकावर एक रचलेली आहेत.

ती उघडून बसलं की एकही वर्ष दुसऱ्यासारखं दिसत नाही. काटेसावर कधी जानेवारीअखेरीस फुलते, कधी फेब्रुवारी सरत आल्यावर. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असं आजी सांगायची. कधी जुळतं, कधी नाही. आजीचा शब्द खोडायला जीव होत नाही, पण चौकटीत जे आहे ते आहे.

फेब्रुवारीत उतार गुलाबी होतो, तो उंदीरमारीच्या फुलांनी. तुला फार आवडायचा, मलाही. हे झाड मध्य अमेरिकेकडचं, टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून लावलेलं. आता मी त्या दाटीतून पटकन पुढे जाते. मोई, हिवर, खैर यांच्यापाशी जितका वेळ पाय रेंगाळतात, तितके तिथे रेंगाळत नाहीत.

यंदा मार्चात कोणीतरी गवत पेटवलं. पश्चिमेचा उतार काळा पडला. तितर तिथेच गवतात अंडी घालतात. दोन दिवस मी त्या बाजूला गेलेच नाही. मोईची तीन-चार रोपं कमरेएवढी झाली होती, ती गेली. तुला तेव्हा सांगितलं नाही, तुझी परीक्षा चालू होती.

मृगाच्या सरी बरसल्या आणि आठवड्याभराने मी मुद्दाम त्या जळक्या बाजूला गेले. राखेची ढेकळं अजून तशीच होती. आणि त्यांच्यामधून काळी मुसळी वर आलेली! पानं बोटभरसुद्धा नाहीत, पण जमिनीला टेकून सहा पाकळ्यांचं पिवळंधमक फूल. तिचा कंद खोल मातीत असतो, वरची आग तिथवर पोचत नाही. मी चिखलात गुडघे टेकून किती वेळ बघत होते कोण जाणे. शेजारी मृगाचे किडे, लाल मखमलीचे ठिपके, संथपणे चाललेले. लहानपणी तू त्यांना काडेपेटीत घालून शाळेत न्यायचीस आणि संध्याकाळी परत सोडायला लावायचीस. त्यांना पाय आठ असतात, म्हणजे ते खरे कीटक नव्हेत, कोळ्याच्या गोतावळ्यातले. हे मला यंदाच कळलं.

मोईला पालवी आली आहे. १९ तारखेच्या चौकटीत लिहिलं.

आणि नवरंग आला आहे. मे संपता संपता पहाटे पहिल्यांदा त्याची दोन सुरांची शीळ ऐकली, दिसला मात्र आठवड्याने. करवंदीच्या जाळीखाली पाचोळा उलटत होता. हिरवी पाठ, पोटाखाली लाल, डोळ्यावरून काळी पट्टी, आणि शेपूट तर जवळजवळ नाहीच. आता पावसाळाभर तो आपल्याकडे राहील, घरटं करील, पिल्लं वाढवील.

थंडीआधी तो दक्षिणेकडे निघतो, काही तर थेट श्रीलंकेपर्यंत जातात. रात्रीचे उडतात. वाटेत बंगळुरूत थकून एखाद्या बागेत, कॉलेजच्या आवारातही उतरतात. म्हणून तुला एक काम सांगते. ऑक्टोबर लागला की तुमच्या हॉस्टेलमागच्या झाडांखाली सकाळी पाचोळ्यात लक्ष ठेव. तो झाडावर कमी आणि जमिनीवर जास्त असतो. दिसला तर तारीख कळव. तुझ्या तारखेसाठी मी ऑक्टोबरच्या पानावर जागा ठेवणार आहे.

छत्री नेत जा. मेतकूट आणि लोणचं बाबा कुरियरने पाठवताहेत.

तुझी,
आई