गोळी लिहिताना वजनकाटाही हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्वमग्नतेतील तीव्र चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन, तर मोठ्या मुलांच्या सायकोसिससाठी (भास-भ्रम होणारा, वास्तवाचे भान सुटणारा मनोविकार) ओलान्झापिन दिले जाते. ही औषधे मुलांचे वजन झपाट्याने वाढवतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात सुमारे 11 आठवड्यांत ओलान्झापिनवरील मुलांचे वजन सरासरी 8.5 किलोंनी, त्याच गटातील क्वेटियापिनवर 6.1, रिस्पेरिडोनवर 5.3 आणि याच गटातील एरिपिप्राझोलवर 4.4 किलोंनी वाढले. मेंदूतील हिस्टामिन व सेरोटोनिनचे ठरावीक रिसेप्टर (संदेश टिपणारे बिंदू) अडवले गेल्याने पोट भरल्याची जाणीवच उशिरा होते. त्यामुळे 'अधाशी झालाय' म्हणून मुलावर ओरडणे अन्यायाचे आहे.

पहिली गोळी देण्याआधी वजन, उंची, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि लिपिड (रक्तातील चरबी) नोंदवावेत. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करावे. रक्ततपासणी पुन्हा 12 आठवड्यांनी. मूल वाढत असल्याने नुसते किलो फसवतात, बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन) वयानुसारच्या तक्त्यावर मांडावा लागतो. प्रत्यक्षात अनेक केसपेपरवर उंचीचा रकाना कोराच असतो!

घरी आधी सरबते, बाटलीतले ज्यूस आणि बिस्किटांचे पुडे बंद करावेत. संध्याकाळी भूक खवळते तेव्हा चिवड्याऐवजी उसळ, काकडी, ताक हाताशी ठेवावे. तरीही वजन चढत राहिले तर डॉक्टर डोस कमी करू शकतात, औषध बदलू शकतात किंवा मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध जोडू शकतात. पालकांनी मात्र गोळी परस्पर बंद करू नये; झोप उडते, मूळ त्रास दुप्पट जोराने उसळू शकतो.

– एक बालमनोविकारतज्ज्ञ, पुणे