जुने पॉप गायक बोलावता, तर त्यांना गाऊही द्या

मा. संपादक,

नव्वदच्या दशकातल्या पॉप गायकांना टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात पाहुणे म्हणून बोलावतात, याचा मला मनापासून आनंद होतो. टिळक रस्त्याजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं. संध्याकाळी एस. पी. कॉलेजच्या मुलामुलींची काउंटरवर झुंबड उडायची. अलिशा चिनॉय, लकी अली, कलोनियल कझिन्स यांच्या कॅसेट ती सिनेमाच्या गाण्यांइतक्याच हौसेने न्यायची.

म्हणूनच गेल्या रविवारचा एका वाहिनीवरचा भाग पाहून फार वाईट वाटलं. त्या काळचे एक नावाजलेले गायक आले होते. मुखडा झाला, एक अंतरा झाला, की परीक्षक उठून नाचायलाच लागले. गायकांनाही ओढून नेलं आणि लागल्या जाहिराती. बरं, जेवढं वाजलं तेवढं तरी त्यांनी तिथे गायलेलं असावं? तेही नाही. मूळ रेकॉर्डिंगच लावलं होतं. दुकानात मी ते गाणं दिवसभर लावायचो, त्यामुळे दुसऱ्या ओळीआधी त्यांनी घेतलेला श्वाससुद्धा मला पाठ आहे. तोच श्वास नेमका ऐकू आला, आणि पडद्यावर ते त्या क्षणी प्रेक्षकांना हात करून हसत होते. मागे ड्रमवाल्याची काठी पोचायच्या आतच झांज वाजून गेली होती.

वय झालं, आवाज लागेल की नाही, अशी धास्ती निर्मात्यांना वाटत असावी. अहो, पट्टी दोन सूर खाली घ्या की! २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात पं. भीमसेन जोशी गायले, तेव्हा त्यांचं वय ८५ होतं. तरुणपणीचा आवाज आता नाही, हे पुणेकरांना ठाऊक होतं, तरी कान त्यांच्याकडेच होते. उषा उथुप पंचाहत्तरी ओलांडूनही स्वतःच्या गळ्याने मैफल उभी करतात. थकलेला आवाज ऐकण्याची आमची तयारी आहे, वाहिन्यांनी आमच्यावर तेवढा विश्वास ठेवावा.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त खटकते, ती नावांची. कॅसेटच्या डबीतल्या कागदावर, म्हणजे इनले कार्डवर, गीतकार, संगीतकार, कित्येकदा गिटार कोणी वाजवली हेसुद्धा छापलेलं असायचं. मुलं काउंटरला टेकून ते वाचत उभी राहायची. त्या रविवारी निवेदिकेने नाझिया हसन आणि अलिशा यांची नावं एका दमात घेतली, पण नाझियाचा १९८१ चा ‘डिस्को दीवाने’ आणि अलिशाचा १९९५ चा ‘मेड इन इंडिया’ या दोन्ही अल्बममागे बिड्डू हा एकच संगीतकार आहे, हे कोणी सांगितलं नाही. मूळचा बंगळुरूचा हा माणूस. इंग्लंडला गेला आणि १९७४ मध्ये जगभर गाजलेलं ‘कुंग फू फायटिंग’ हे गाणं त्यानेच निर्माण केलं. गायक केके यांचा १९९९ चा ‘पल’ हा अल्बम घ्या. त्यातली गाणी आजही कॉलेजच्या सेंड-ऑफला मुलं रडत रडत म्हणतात. शब्द मेहबूब यांचे, संगीत लेस्ली लुईस यांचं. किती जणांना माहीत आहे? केके तर २०२२ मध्ये गेलेच.

२०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला. पैशांत वाटा मिळतो, मग पडद्यावर एक ओळ का मिळू नये?

वाहिन्यांना माझी विनंती आहे. गाणं सुरू होताना पडद्याच्या तळाशी गीतकार आणि संगीतकाराचं नाव द्या. रेकॉर्डिंग लावणार असाल तर तसं स्पष्ट लिहा. आलेल्या गायकाला निदान एक गाणं सगळ्या अंतऱ्यांसह, समोर बसलेल्या वादकांच्या साथीने गाऊ द्या, आणि तेवढा वेळ परीक्षकांनी खुर्चीत बसून ऐकावं. अलीकडे त्यांनी नवी चाल बांधली असेल तर तीही आवर्जून विचारा. यांतले बरेच जण अजून गातात, नवं करतात, आणि ते ऐकायला आम्ही रात्री उशिरापर्यंतही जागू.

– एक जुना कॅसेट-विक्रेता, सदाशिव पेठ, पुणे ३०