विजेत्याला एकच ओळ?

अमेरिकेतील मार्टिन्सव्हिलच्या २०१३ मधील पिकअप ट्रकांच्या शर्यतीबद्दल चाहत्यांनी सांगितलेल्या आठवणींचा लेख (रविवार, क्रीडा पान) वाचला. टाय डिलन आणि केविन हार्विक या चालकांची धडकाधडकी, पिटमध्ये (गाड्यांच्या दुरुस्तीच्या जागी) हार्विकच्या ट्रकवर भिरकावलेला हातोडा, सारे रंगून आले आहे. जेमतेम अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर असे व्हायचेच! पण विजेत्या डॅरेल वॉलेसची एका ओळीत बोळवण खटकली. १९६३ मधील वेंडेल स्कॉट यांच्यानंतर नॅसकार या अमेरिकी मोटार शर्यत संस्थेच्या राष्ट्रीय मालिकेत जिंकलेला तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकी चालक. जवळच्याच डॅनव्हिलच्या स्कॉट यांचा करंडक तेव्हा दुसऱ्याच्या हाती दिला गेला होता. कुटुंबाला त्याऐवजी नवा करंडक नॅसकारकडून २०२१ मध्ये मिळाला. चाहत्यांना हातोडा आठवणारच, पण संपादकीय हाताने एवढा संदर्भ जोडायला हवा होता.

— एक वाचक, पुणे