डब्यातले सैनिक फेकू नका

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर आई म्हणाली की माळा आवरायला काढलाय, तुझ्या खेळण्यातल्या सैनिकांचा पत्र्याचा डबा सापडला, कोणाला तरी देऊन टाकू का. तर आधी तेवढंच सांगते, नको. देऊ नका, फेकू नका, आणि मुख्य म्हणजे बाबा, तुम्ही ते "जरा साफ करून ठेवतो" म्हणून घासायला बसू नका. व्हॉट्सॲपवर लिहिणार होते पण तिथे आईने नुसता अंगठा पाठवून विषय संपवला असता, म्हणून हे सविस्तर पत्र.

तुम्हाला बोलले नव्हते पण गेले काही महिने मी परत सैनिक रंगवतेय. जुनेच घेते, कोणाच्या तरी घरच्या माळ्यावरून निघालेले, मळके, बंदुका वाकलेल्या. बंदूक सरळ करायची युक्ती भारी आहे, कपात कढत पाणी घ्यायचं, त्यात बंदूक थोडा वेळ बुडवायची, मऊ झाली की बोटांनी सरळ करून लगेच गार पाण्यात धरायची, की तशीच राहते. लहानपणी हे माहीत असतं तर आपली अर्धी पलटण जमिनीवर नेम धरून उभी राहिली नसती.

आणि आई, आता तू खूश होशील. तू ते सगळे सैनिक साबणाच्या पाण्यात घालून खसाखसा धुवायचीस, आणि बाबा कुरकुर करायचे की अगं खेळणी आहेत, कपडे नाहीत. तर तूच बरोबर होतीस! सैनिक साच्यातून सुटून यावा म्हणून साच्याला एक तेलकट काहीतरी लावतात, त्याचा थर प्लॅस्टिकवर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही, म्हणून रंगवायच्या आधी साबणाने धुणं ही पहिली पायरी आहे. म्हणजे तू स्वच्छतेपायी केलंस ते खरं तर टेक्निकल काम होतं. बाबांनी घाईघाईत न धुता रंगवलेली ती निळी तुकडी आठवते ना, सापाने कात टाकावी तसा रंग उतरला तिचा.

अर्थात सगळा दोष बाबांचा नाही. हे सैनिक पॉलिथिनचे, त्याला मुळात काही चिकटतच नाही, गोंदही नाही नि सुपरग्लूही नाही. त्यात आपल्याकडे इनॅमल रंग, तो वाळला की कडक होतो, आणि आतला सैनिक लवचिक, मग संगीन जरा वाकली की वरचा रंग तडकणारच. ॲक्रेलिक रंग त्यापेक्षा थोडा लवतो म्हणून मी आता तोच वापरते. पण तुटलेले पाय तुम्ही कसे जोडायचात बाबा, टाचणीचं डोकं पकडीने तोडायचं, ती मेणबत्तीवर तापवायची, अर्धी एका तुकड्यात खुपसायची आणि अर्धी दुसऱ्यात. मी आजही तसंच करते, अजून तरी त्याहून चांगलं काही सापडलं नाही.

थोडा इतिहास पण वाचला, बाबांना आवडेल. आधी हे सैनिक शिशाचे असायचे. इंग्लंडच्या ब्रिटन्स कंपनीने 1893 मध्ये पोकळ सैनिक ओतायची पद्धत काढली, वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं आणि बाहेरचा थर गोठला की आतलं परत ओतून घ्यायचं, म्हणजे सैनिक हलका आणि स्वस्त. प्लॅस्टिकचे आले अमेरिकेत 1938 च्या सुमारास, पण खरी चलती झाली महायुद्धानंतर, आणि 1966 पर्यंत ब्रिटनमध्ये शिशाची खेळणी बंदच झाली, शिसं विषारी म्हणून. ते जेमतेम इंचभर उंचीचे बारके सैनिक एअरफिक्सने 1959 मध्ये काढले, ते माप मॉडेल ट्रेनशी जुळणारं होतं. आपल्या डब्यात मोठे नि बारके अशा दोन्ही मापांचे आहेत, म्हणूनच आपल्या लढाईत एक जण दुसऱ्याच्या गुडघ्याएवढा असायचा, आणि मी त्या मोठ्यांना सेनापती करायचे.

डबा उघडलात की एक काम करा, एकेकाचा बेस उलटा करून बघा. कंपनीचं नाव असेल तर कळवा, पण मला वाटतं बरेचसे कॉपी असणार. कोणीतरी मूळ सैनिकावरूनच साचा काढायचा, त्यामुळे चेहरा गुळगुळीत होतो, खिशाची बटणं गायब होतात. बाबा, तुम्ही जी बटणं ब्रशच्या टोकाने काढायचात ती साच्यात नव्हतीच!

आता मुद्द्याचं. कलेक्टर लोकांचं एक ठाम मत असतं की सैनिक कंपनीतून निघाला तसाच हवा, घरी कोणी रंगवला की त्याची किंमत उतरली. मग ते जुना रंग काढतात, तासन् तास. मी पण विकत घेतलेल्या सैनिकांचा काढते, उगाच खोटं कशाला बोलू, काहींचा रंग इतका जाड थापलेला असतो की आत नाक आहे की नाही कळत नाही. पण आपल्या डब्यातल्या एकाचाही काढायचा नाहीये. ती सगळ्यांना दिलेली मिशी, अगदी ढोल वाजवणाऱ्या पोराला पण, टूथपिकच्या टोकाने, आणि तीही बाबांच्या स्वतःच्या मिशीसारखी खाली वळलेली, ती मला दुसरीकडे कुठे मिळणार? आणि डोळे न रंगवायचा तुमचा नियम. मी हट्ट करायचे आणि तुम्ही म्हणायचात, डोळे काढले की तो घाबरल्यासारखा दिसतो, नुसती सावली दे. एवढ्या लहान चेहऱ्यावर पांढरा ठिपका दिला की खरंच तसंच होतं, अनुभवी लोकही हेच सांगतात. भुवईखाली पातळ तपकिरी रंग सोडायचा, बास.

तर आई, डबा उन्हात ठेवू नकोस. तुला सगळं उन्हात घालायची सवय आहे, माहितीये मला, पण जुनं प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होतं, आणि मग नुसतं उचललं तरी घोट्यात मोडतं. रबरबँड लावून जुड्या पण करू नकोस. मऊ कागदात सुटे सुटे गुंडाळ, खाली जड, वरती बारके. रांगणारा तो सुरुंग शोधणारा असेल तर वेगळा ठेव, त्याची काठी आधीच एकदा जोडलेली आहे.

आणि बाबा, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही म्हणताय ना की पांढरा आता खरा पांढरा दिसतो, आधी सगळं पिवळट होतं, मग आता तुमच्याकडूनच एक हवंय. तुमची ती खाकी मला जमत नाहीये. तपकिरीत हिरवा घालते तर शेवाळी होते, पिवळा वाढवला तर मातकट. गुडघ्यावर बसून नेम धरणाऱ्यांपैकी एक खिडकीशी नेऊन नीट बघा आणि सांगा त्यात पिवळा किती होता, आणि थोडा लाल पण टाकायचात का, कारण मला अंधुक आठवतंय की तुम्ही आईच्या रांगोळीच्या रंगांकडे बघत बसायचात. रंग नि दोन ब्रश पाठवतेय, झिरो नंबरचा आणि एक जाड. हात थरथरतो वगैरे सांगू नका, बेस रंगवा तुम्ही, मिशा मी काढेन.

तुमची लेक