काकू, तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं होतं

काकू नमस्कार. तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून चहा टाकायला आत गेला असता, म्हणून इथं लिहितेय, सगळ्यांसमोर, आता पळता येणार नाही तुम्हाला.

इतकी वर्षं शेजारी राहतोय आपण, नाताळला तुमच्याकडून करंज्या आणि केक येतो, दिवाळीला आमच्याकडचा फराळ जातो, पण चर्चच्या आत मी कधी आलेच नव्हते. यावेळी तुम्ही म्हणालात आगमनकाळाचा पहिला रविवार आहे, येतेस का, आणि मी लगेच हो म्हटलं कारण मला वाटलं चांदण्या, लाइटिंग, जिंगल बेल असं सगळं असेल. तर तसलं काहीच नाही की ओ! वेदीवर जांभळं कापड, फुलंही बेताचीच. तुम्ही हळूच सांगितलंत की नाताळच्या आधीचे हे चार रविवार म्हणजे तयारीचा आणि वाट बघायचा काळ, नाताळ अजून लांब आहे, म्हणून 'परमेश्वराला गौरव' हे गीतसुद्धा या दिवसांत म्हणत नाहीत, ते नाताळला. मला ते एकदम आवडलं, खरंच. आमच्याकडे सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या आधी नंदीध्वजांचा सराव चालतो ना, तेव्हा यात्रा सुरू झालेली नसते पण पेठेत हवा बदललेली असते, तसंच वाटलं.

पण थँक्यू त्याच्यासाठी नाही. आदल्या संध्याकाळी गॅलरीतून तुम्ही मला सगळं सांगून ठेवलंत त्यासाठी आहे. कधी उठायचं कधी बसायचं याची चिंता करू नको, माझ्याकडे बघ. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, लोक पुढं जातील तेव्हा तू जागेवर बसून रहा, कोणी काही म्हणणार नाही. दानाची थैली आली तर टाकलंच पाहिजे असं नाही. एवढं आधी कळलेलं असलं की माणूस निवांत बसतो. नाहीतर दुसऱ्याच्या देवळात गेल्यावर निम्मा वेळ आपण चुकतोय का हेच बघण्यात जातो.

आणि ते प्रार्थनेचं पुस्तक. तुमचं बोट त्या ओळींवरून फिरत होतं, अंगठ्याला हळद लागलेली अजून, सकाळचा स्वयंपाक उरकून आला होता ना, आणि पाळकसाहेब एक वाक्य म्हणणार की पुढचं ठळक अक्षरातलं सगळ्यांनी म्हणायचं, मला दोन पानांत लय सापडली. त्या रविवारची प्रार्थना आहे ना, अंधाराची कामं टाकून प्रकाशाची शस्त्रं अंगावर घ्यायची, ती मी घरी येऊन मोबाईलवर शोधली तर इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या पहिल्या प्रार्थनापुस्तकातली निघाली, आणि तिचे शब्द बायबलमधल्या रोमकरांस पत्रातून घेतलेले. आणि ते आपण सोलापुरात मराठीतनं म्हणत होतो, मागं रस्त्यावर रिक्षावाला हॉर्न मारतोय.

मेणबत्तीचा प्रकार तर मी सगळ्यांना सांगत सुटलेय. अशोकाच्या पानांचं ते वर्तुळ, कडेला चार मेणबत्त्या, दर रविवारी एक लावायची, आणि मधे पांढरी. त्या बारक्या पोराला पहिली लावायला बोलावलं, आणि वर पंखा! एक काडी विझली, दुसरी विझली, पोरगं रडकुंडीला आलं, सगळं चर्च श्वास धरून बसलंय आणि तुम्ही मागं वळून एकाला नुसती मान हलवलीत, पंखा बंद, मेणबत्ती पेटली. हे वर्तुळ काही फार जुनं नाही म्हणे, १८३९ ला जर्मनीत हँबर्गला विखर्न नावाच्या पाळकांनी गरीब मुलांसाठी केलं, मुलं सारखी विचारायची ना, नाताळ कधी नाताळ कधी, म्हणून रोज एक मेणबत्ती लावायची. पोरं सगळीकडची सारखीच.

मग निघताना मी विचारलं की तुमचं चर्च अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं, तर ते नक्की कुठलं, तर काकांनी भर उन्हात गाडीजवळ उभं राहून सगळा इतिहास सांगितला, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन आणि बाकीची पाच चर्चं एकत्र येऊन सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि तो दिवस म्हणजे आगमनकाळाचा पहिला रविवारच होता. काका हे सांगताना असे खुश होते जणू काल झालंय. तुम्ही मात्र "पोरीला ऊन लागतंय" म्हणून त्यांना गाडीत बसवलंत.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. तुम्ही मला नंतर एकदाही विचारलं नाहीत की कसं वाटलं, पटलं का, परत येशील का. घरी काहीजणांनी नाकं मुरडली होती, आता तुला ओढतील बघ म्हणून. कोणी ओढलं नाही. एका आजींनी हात जोडून 'शांती असो' म्हटलं आणि मी पण म्हटलं, संपलं.

तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती असते म्हणालात, ती बघायला येणार आहे मी. शेंगाचटणी ताजी कुटून आणते, काकांना सांगू नका, डॉक्टरनी तेलकट बंद केलंय त्यांचं. आणि तुमच्या गीतांचं ते 'उपासना संगीत' पुस्तक एक माझ्यासाठी बघून ठेवा, पण पैसे घ्यायचे, फुकट दिलंत तर मी येणार नाही.