अथर्वची जपान टूर आणि तुमचा तो गॉगलवाला पोरगा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आईचा आवाज ऐकला तेव्हाच कळलं की रात्री झोप लागलेली नाही. अथर्व कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीमबरोबर दहा दिवस जपानला जाणार म्हटल्यावर तुझा पहिला प्रश्न, "आणि तिथं पोरांनी काही उद्योग केले तर?" आई, खरं सांगू का, मलाही हाच प्रश्न आधी सुचला, खाण्यापिण्याचा नंतर. फोनवर नीट बोलता येत नाही कारण बाबा मधेच "बरं ठेव आता, बिल येईल" म्हणतात (व्हॉट्सॲपला बिल येत नाही हे मी किती वर्षं सांगतेय), म्हणून लिहितेच.

माझ्या डोक्यात हे २०१७ पासून बसलंय. आम्ही नुकतेच लॉस एंजेलिसला आलो होतो, अथर्व अकराचा होता, आणि त्या नोव्हेंबरमध्ये इथं ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय होता. इथल्या यूसीएलए युनिव्हर्सिटीची बास्केटबॉल टीम चीनला मॅच खेळायला गेली होती, हांगझोऊला उतरली. बाबा, तेच हांगझोऊ, जिथं २०२३ च्या एशियन गेम्समध्ये आपल्या कबड्डीच्या दोन्ही टीमनी गोल्ड आणलं, तुम्ही तो इराणबरोबरचा राडा झालेला फायनल ताट बाजूला सारून बघत होतात. तर तिथं ६ नोव्हेंबरला रात्री पोरांना दीडेक तास मोकळा दिला, फिरून या म्हणून. तेवढ्या वेळात तीन फ्रेशर पोरांनी, लिअँजेलो बॉल, कोडी रायली आणि जेलन हिल, तीन दुकानांत हात मारला, त्यात एक लुई व्हिटॉनचं, आणि त्यातला एक माल म्हणजे गॉगल. हो, गॉगलच!

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस हॉटेलवर हजर. तिघांना नेलं, पासपोर्ट जमा करून घेतले, प्रत्येकी २,२०० डॉलरचा जामीन भरल्यावर सोडलं पण हॉटेल सोडायचं नाही या अटीवर. टीम शांघायला निघून गेली, तिथं जॉर्जिया टेकला ६३-६० हरवलंसुद्धा, आणि ही तीन पोरं मागं हॉटेलात बसून. मला बाकी सगळ्यापेक्षा हेच जास्त लागलं बघा. बस निघते, बाकीची पोरं बॅगा चढवतात, आणि तिघं उतरलेली.

पुढं तर प्रकरण दोन देशांच्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेलं. ट्रम्प तेव्हा आशिया दौऱ्यावरच होते, त्यांनी शी जिनपिंगच्या कानावर घातलं. १४ तारखेला पोरं परत आली, दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बसून कागदावरून वाचत माफी मागितली, ट्रम्पचे आभार मानले. त्याच सकाळी ट्रम्पनी ट्वीट करून विचारलं होतं, ही पोरं थँक्यू म्हणतील का, दहा वर्षांच्या जेलकडं चालली होती. मग लिअँजेलोच्या बापानं, लावार बॉलनं, टीव्हीवाल्यांना सांगितलं की ट्रम्पनं काय केलं मोठं, तर ट्रम्प म्हणाले मग जेलमध्येच ठेवायला हवं होतं. म्हणजे चोरी राहिली बाजूला आणि दोन मोठ्या माणसांचं भांडण सुरू. बापानं पोराला कॉलेजमधूनच काढलं आणि लिथुआनियाला खेळायला नेलं, बाकी दोघं अख्खा सीझन बाहेर. कोडी रायली पुढं चांगला खेळला. जेलन हिलनं नंतर मनाच्या त्रासामुळं खेळणं सोडलं आणि २०२२ मध्ये कोस्टा रिकात वारला, बाविसाव्या वर्षी. याचा त्याच्याशी संबंध जोडू नये, मी जोडत नाही, पण त्याची बातमी आली तेव्हा मला तो कागद वाचणारा पोरगाच आठवला.

आता बाबा, तुमचा गॉगल. मी सहावीत होते, तुम्ही मला तुमच्या कबड्डीच्या टीमबरोबर सोलापूरला नेलं होतं. एसटी स्टँडवरच्या टपरीतून एका पोरानं गॉगल उचलला आणि दुकानदारानं त्याची कॉलर धरली. तुम्ही दोन कानाखाली दिल्या, दुकानदाराच्या हातात वीस रुपये ठेवले, पोराला पाया पडायला लावलं, आणि दुकानदारानंच वर तुम्हाला चहा पाजला. मिटलं. एसटीत बसताना तुम्ही एवढंच म्हणालात, "घरी कुणी सांगायचं नाही." तीस वर्षं तुम्ही असंच मिटवत आलात, आणि तुमची पोरं त्याच्यावर मोठी झाली, हे मी वाईट म्हणत नाहीये.

पण अथर्वलाही मनातून तसंच वाटतं ना, की कोच आहेत, कॉलेज आहे, अमेरिकन पासपोर्ट आहे, कुणीतरी मिटवेल. त्याला मी बसवून सांगितलं. परदेशात पकडलं की कायदा तिथला. एम्बसीवाले येऊन भेटतात, वकिलांची यादी देतात, घरी निरोप देतात, पण सोडवून आणत नाहीत, तो अधिकारच नसतो त्यांना. जपानमध्ये तर आरोप ठेवायच्या आधीच पोलीस २३ दिवस आत ठेवू शकतात, आणि चौकशीत वकील शेजारी बसत नाही. त्याच्या टीममधला एक मुलगा पुण्याचा, भारतीय पासपोर्टवर. त्याला काही झालं तर फोन आपल्या टोकियोच्या एम्बसीला करायचा, अमेरिकेच्या नाही, हे त्या पोराला माहीतच नव्हतं. त्याच्या आईला मी स्वतः फोन केला, भोचकपणा म्हणा हवं तर.

चोरीची मला तशी भीती नाही, भीती औषधांची आहे. इथं कॉलेजची बरीच पोरं लक्ष लागावं म्हणून ॲडेरॉल घेतात, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, रीतसर. जपानमध्ये ती गोळी चिठ्ठी असली तरी बेकायदाच. ती ब्रिटनी ग्राइनर आठवते का, बास्केटबॉलवाली? २०२२ च्या फेब्रुवारीत मॉस्को एअरपोर्टवर बॅगेत गांजाच्या तेलाच्या कार्ट्रिज सापडल्या, ॲरिझोनातल्या डॉक्टरनंच लिहून दिलेलं, तरी नऊ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरात कैद्यांची अदलाबदल केली तेव्हा सुटली. ती एवढी ऑलिंपिक चॅम्पियन. आपल्या पोराला कोण विचारतंय?

म्हणून परवा रात्री त्याची बॅग मी रिकामी केली, एकोणीस वर्षांच्या पोराची, तो लाजून लाल झाला. एक विक्सचा इनहेलर निघाला, इथल्या दुकानातला, त्यात असं काहीतरी असतं जे जपानला चालत नाही, तो ठेवून घेतला. रूममेटनं "डोकं दुखलं तर घे" म्हणून दिलेल्या नाव नसलेल्या चार गोळ्या निघाल्या, त्या कचऱ्यात. आई, तू मेहतांच्या मुलाबरोबर पाठवलेली सितोपलादीची पुडी पण मी काढून ठेवली. त्यात काही नाही मला माहितीये, पण कागदात बांधलेली भुकटी कस्टमवाल्याला दाखवून "आजीनं दिलीय" म्हणायचं, नको गं. लाडू आहेत बॅगेत. आणि पासपोर्ट कायम अंगावर ठेवायचा, तिथं पोलीस विचारू शकतात, म्हणून तो गळ्यातला पाऊच घेतलाय, बाबांचा काशीयात्रेतला होता तसा.

सगळं ऐकून घेतल्यावर अथर्व म्हणाला, "आई, मी चोरी करेन असं वाटतं तुला?" मी नाही म्हटलं, पण जरा उशिरा म्हटलं, आणि ते त्याच्या लक्षात आलं. दोन दिवस नीट बोलला नाही. मग काल रात्री स्वतःच विचारलं, आजोबांनी त्या मुलाला मॅच खेळू दिली का? मला आठवेचना. मॅच आपण दोन पॉइंटनी हरलो एवढं आठवतंय, आणि तो पोरगा येताना खिडकीकडं तोंड करून बसला होता.

खेळवलं होतं का बाबा त्याला? आणि पुढं काय झालं त्याचं? रविवारी सांगा, अथर्वला पण कॉलवर घेते.

औषधं वेळेवर घ्या, दोघांनी.

तुमची
सुमी